पहाटेच्या दोन अंघोळी

बंबाची सवय असलेल्या आम्हाला पाणी संपण्याची धास्ती, म्हणून टँकलेस हीटरचा मोह. दिवाळीत कोणताही निभावेल, जानेवारीचे बोला. मिशिगनमध्ये तेव्हा नळाचे पाणी ४० अंश फॅरेनहाइटपर्यंत उतरते. ते १०५ वर न्यायला मिनिटाला २ गॅलनच्या एका शॉवरला सुमारे १९ किलोवॉट, म्हणजे २४० व्होल्टवर जवळजवळ ८० अँपिअर लागतात. दोघे एकदम अंघोळीला गेले की १६०! पॅनेल बहुधा २०० चे. म्हणून इथे टँकलेस हवाच असेल, तर गॅसचा. जाड गॅसपाइप आणि धुराड्याचा खर्च धरूनही. (वीज गेली की तोही बंद, बरे का.) फ्लोरिडातल्या लेकीने खुशाल विजेचा घ्यावा. नातवंडे कार्बनचा मुद्दा काढतात, तो खराच आहे. पण मग टाकीवाला हीट पंप घ्या. तो थोड्या विजेवर सावकाश पाणी तापवून ठेवतो.