माशाला त्याच्या खऱ्या नावानेच विका

अकोला-हिंगोली-नांदेड आणि तुळजापूर-यवतमाळ-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग वारंगा फाट्यावर मिळतात. इथून मुंबईचा समुद्र रस्त्याने ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा आणि पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचा जलाशय मात्र याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे या भागात ताटात येणारा मासा बहुतेकदा गोड्या पाण्यातला असणार. त्यात कमीपणा काहीच नाही. आक्षेप घ्यायचा तो एका माशाच्या नावाखाली दुसरा मासा विकण्याला.

रूपचंद हे याचे ठळक उदाहरण. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा मासा. आपल्याकडे तो तळ्यांत वाढवतात आणि अनेक ठिकाणी ‘पापलेट’ किंवा ‘चायनीज पापलेट’ म्हणून विकतात. चपट्या, गोलसर आकारामुळे फसगत होते; पण अख्खा मासा समोर असेल तर ओळख अवघड नाही. रूपचंदच्या तोंडात माणसाच्या दाढांसारखे चपटे दात असतात, पोटाखाली परांची जोडी असते आणि पाठीवरच्या परामागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. पापलेटचे तोंड लहान असते, पोटाखाली परांची ती जोडी नसते आणि मांसल परही नसतो. ज्या सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘राज्य मासा’ घोषित केले, त्याचे नाव दुसऱ्याच माशाला चिकटवून जादा दर घेणे ही सरळ फसवणूक आहे.

‘चव आवडली, पोट भरले, मग नावाचे काय?’ असे कुणी म्हणेल. पण नावाचा संबंध फक्त पैशांशी नाही, तब्येतीशीही आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे समुद्री मासे पकडल्यानंतर पुरेशा बर्फात राहिले नाहीत, तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होते. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्याच तासांत चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ, डोकेदुखी, मळमळ असा त्रास होऊ शकतो. हिस्टामाइन शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही. म्हणून किनाऱ्यापासून इतक्या दूर सुरमई मागवताना बर्फाची साखळी कुठे तुटली तर नाही ना, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मासा कोणता आहे हेच ठाऊक नसेल, तर हा प्रश्न सुचणार कसा?

गोड्या पाण्यातल्या माशांचेही तसेच. कटलाचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. रोहूच्या खालच्या ओठाला झालर असते. मृगळ त्या मानाने सडपातळ. हे तिन्ही एकाच कुळातले. त्यांचे मांस उत्तम प्रथिने देते, पण पित्ताची पिशवी विषारी असते. औषध म्हणून ती गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. शिजवूनही ते विष जात नाही.

मांगूरची ओळख तर पर्यावरणासाठीही महत्त्वाची आहे. देशी मांगूर आकाराने लहान राहतो. आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणतात, कित्येक किलोंचा होतो आणि नदीत सुटला तर स्थानिक मासे फस्त करतो. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. दोन-तीन किलोचा ‘देशी’ मांगूर दिसला, तर शंका घ्यायलाच हवी.

मासा गोड्या पाण्यातला की खाऱ्या, हे सांगणारी एकच खूण माशाच्या अंगावर नसते. चवीवरूनही ते ठरत नाही, कारण समुद्री मासा कल्ल्यांवाटे जादा मीठ बाहेर टाकतो आणि त्याचे मांस समुद्रासारखे खारट होत नाही. त्यामुळे माशाची जातच ओळखावी लागते. तुकडे केल्यावर, मसाला लावल्यावर तेही सामान्य ग्राहकाच्या हातात उरत नाही. तिथे विक्रेत्याच्या शब्दावरच भिस्त असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार एका पदार्थाच्या नावाने दुसरा पदार्थ विकणे म्हणजे मिथ्याछाप अन्न विकणे. त्याला दंडाची तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी मोठ्या शहरांपुरती न राहता महामार्गांवरच्या ढाब्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. माशाचे नाव, गोड्या की खाऱ्या पाण्यातला, कुठून आला, एवढे फळ्यावर लिहायला खर्च येत नाही. ग्राहकानेही मासा कापण्याआधी अख्खा दाखवायला सांगावा.

यात विक्रेत्याचे नुकसान नाही. उलट जलाशयात जाळे टाकणाऱ्या भोई बांधवांचा कटला आणि मरळ स्वतःच्या नावाने फळ्यावर आले, तर त्यांच्या ताज्या माशाला मान आणि योग्य दाम दोन्ही मिळतील. धरणाच्या कडेला राहून समुद्राचे खोटे नाव उसने घेण्याची गरजच काय?