सगळेच भीम कसे होतील?

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. घर पूर्व भागातले, नवरा यंत्रमागावर कामाला, स्वतः घरी विड्या वळतात. खुर्चीवर बसता बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, याला काही तरी ताकदीचं लिहून द्या बघा. टॉनिक द्या, इंजेक्शन द्या, पण अंगात जोर आला पाहिजे."

मुलाचे वजन केले, उंची मोजली. वयाच्या मानाने दोन्ही ठीक. भूक चांगली, झोप चांगली. मी त्यालाच विचारले, "का रे बाळ, एवढी ताकद कशाला हवी तुला?" तो खाली मान घालून म्हणाला, "भीम व्हायचंय. भीम झालो की परत खेळायला घेतील."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. या मुलाला फिटचा आजार आहे. दोन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी चांगला फरकही आहे. पण सुटीत बोळात खेळताना त्याला एकदा फिट आली. मुले घाबरली, मोठी माणसे त्याहून जास्त घाबरली. कोणी म्हणाले हे बाहेरचे आहे, कोणी म्हणाले याची लागण होते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी खेळायला कोणी येईना. खेळ कोणता, तर टीव्हीवरचा 'छोटा भीम'. खेळ तसाच चालू होता, फक्त हा उंबऱ्यावर बसून बघत होता.

त्या मुलाच्या दुखण्यावर कोणत्याही टॉनिकची बाटली चालणार नव्हती. म्हणून आज या सदरात औषधाऐवजी एका कार्टूनविषयी लिहितो आहे. हसू नका. मुलांच्या आरोग्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

लाडू कोणी दिला?

'छोटा भीम' ही मालिका 2008 साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने ती काढली. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला ढोलकपूर ठाऊक नाही असे होत नाही. आपल्या सोलापुरात तर घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले शाळेत मराठी आणि टीव्हीपुढे हिंदी अशी तीन घरची भाषा खातात, पण भीम मात्र सगळ्यांचा एकच असतो.

गोष्टीचा साचा साधा आहे. ढोलकपूरवर संकट येते, कधी राक्षस, कधी जादूगार, कधी शत्रूचा राजा. भीम आणि त्याचे सवंगडी धावून जातात. भीम जेरीस येतो, मग लाडू खातो, अंगात बळ संचारते आणि शत्रू आडवा होतो. लहान मूल यातून दोनच गोष्टी उचलते. जिंकतो तो भीम आणि ताकद येते ती लाडवाने. पालकही तेच उचलतात. म्हणून "माझ्या मुलाला ताकदीचं काही तरी द्या" ही मागणी आमच्याकडे रोज येते.

पण गोष्ट नीट पाहा. ते लाडू टुनटुन मावशीने केलेले असतात. ऐन वेळी ते भीमाच्या हाती पोचतात ते बहुतेक वेळा चुटकीमुळे. झाडावर चढून पलीकडचे पाहायचे असेल तर जग्गू माकड लागते. राजू वयाने सगळ्यात लहान, पण धीट, मागे न हटणारा. भीमाचा हेवा करणारा कालियासुद्धा गावावर खरोखर बेतले की बरोबर असतो. यातले एकही नाव काढून टाका आणि भीमाला एकटा उभा करा. किती कथा शेवटाला जातील? लाडू खाणारा सगळ्यांना दिसतो, लाडू देणारा हात कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या मते या मालिकेतले शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या हातात आहे.

ही शिकवण नवी नाही. आजच्या पालकांपैकी अनेकांनी लहानपणी, 1993 साली, दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' पाहिले आहे. त्यातला मोगली माणसाचे पोर. त्याला ना नखे, ना दात. बलू अस्वल, बगीरा बिबट्या आणि का अजगर यांचे गुण निरनिराळे होते म्हणूनच तो जंगलात तगला. त्याही मागे जायचे तर आपले महाभारत आहे. अज्ञातवासात पाची पांडव विराटाच्या घरी राहिले. भीम स्वयंपाकघरात, अर्जुन नृत्य शिकवायला, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे आणि धर्मराज राजाशी द्यूत खेळायला. पाचही जण गदा घेऊन बसले असते तर पहिल्याच आठवड्यात ओळखले गेले असते.

या मालिकेत दोष नाहीत असे नाही. कालियाच्या जाडीला आणि खादाडपणाला हसवून हसवून वापरले आहे. वर्गातल्या एखाद्या जाड मुलाला 'कालिया' हे नाव चिकटले की ते वर्षानुवर्षे सुटत नाही. ते मूल मैदानावर येणे सोडते आणि मग वजन आणखी वाढते. दुसरे म्हणजे लाडवाने क्षणात ताकद येत नाही, हे मुलांना सांगितले पाहिजे. लाडवात साखर आणि तूप आहे, तो सणाला जरूर खावा. रोजची ताकद ज्वारीच्या भाकरीत, डाळीत, पालेभाजीत, शेंगांच्या चटणीत, दूध-अंड्यात आणि भरपूर खेळण्यात असते.

मैत्री हेही आरोग्यच

जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली आरोग्याची जी व्याख्या केली तीत शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्हींचे स्वास्थ्य सांगितले आहे. नुसता आजार नसणे म्हणजे आरोग्य नव्हे. आपण पहिल्यावर खर्च करतो, दुसऱ्याचे नाव घ्यायला लाजतो आणि तिसरे विसरून जातो.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 1938 साली एक अभ्यास सुरू झाला. त्याच माणसांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दर काही वर्षांनी तपासत राहिले. उतारवयात कोण निरोगी आणि समाधानी राहिले, याचे उत्तर पैसा किंवा हुद्दा यांत सापडले नाही. ज्यांची माणसांशी नाती चांगली होती, ते पुढे निरोगी राहिले. हे बीज लहानपणी, बोळात खेळतानाच पेरले जाते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज किमान 60 मिनिटे अंगमेहनतीचा खेळ हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकटे मूल तेवढे खेळत नाही. सवंगडी असले तरच ते धावते, पडते, भांडते आणि परत धावते.

आणि आपण काय करतो? पाची बोटे सारखी नसतात हे रोज म्हणतो आणि रोज पाची बोटांवर एकच अंगठी चढवून पाहतो. "तो बघ कसा पहिला येतो." "त्याची तब्येत बघ आणि तुझी बघ." "त्या ढ पोराबरोबर फिरू नकोस." अशा एकेका वाक्याने आपण मुलाचा एकेक सवंगडी कमी करत असतो. गणितात मागे असलेला मुलगा कदाचित भांडण मिटवण्यात हुशार असतो. अबोल मुलीला कोण रडवेले झाले आहे ते सगळ्यांच्या आधी कळते. या गुणांना गुणपत्रिकेत रकाना नाही, म्हणून ते गुण नव्हेत असे थोडेच आहे?

बोळातले ढोलकपूर

आता त्या मुलाकडे येऊ. मी त्याच्या आईला म्हटले, "ताई, टॉनिक देत नाही. गोळ्या नेमाने चालू ठेवा, एकही चुकवू नका. आणि शनिवारी बोळातली पोरं घेऊन या." बाईंना वाटले डॉक्टर चेष्टा करतात. पण शनिवारी चार मुले आली, बरोबर एक आजी आल्या. आजींचा चेहरा काही बरा नव्हता.

मी मुलांना सांगितले, फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा क्षणभर झालेला गोंधळ. ती शिवल्याने, एकत्र जेवल्याने, खेळल्याने लागत नाही. मग कामे वाटली. पाढे पाठ असलेल्या मुलाकडे घड्याळ, फिट किती मिनिटे चालली ते त्याने मोजायचे. सर्वांत जोरात पळणाऱ्या मुलीने त्याच्या आईला बोलवायचे. अंगाने दणकट असलेल्याने त्याला हळूच कुशीवर वळवायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत. चौथा अगदी लहान होता. तो म्हणाला, "मी काय करू?" त्याला म्हटले, तू घरातला टॉवेल घडी करून डोक्याखाली ठेवायचा आणि जवळचे दगड बाजूला करायचे. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! ते पोर एवढे खूश झाले की जाताना टॉवेलची घडी तीनदा करून दाखवून गेले.

आजी म्हणाल्या, "अन् कांदा नाही हुंगवायचा? चप्पल?" म्हटले, "नाही आजी. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको, शुद्ध येईपर्यंत पाणीही नको." वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ आली, पहिल्यांदाच आली, श्वासाला त्रास झाला किंवा मार लागला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि गोळ्या मनाने कधीही बंद करू नयेत. योग्य औषधोपचार मिळाले तर दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात.

त्या आजींना जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनमधल्या जखमी सैनिकांच्या सेवेला गेले. एकटे नव्हे, पाच डॉक्टरांचे पथक होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पुढे कोटणीस तिथल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांनाही फिट येत असत. त्याच आजाराने 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, ते गेले. पण त्या आजाराच्या भीतीने त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना उंबऱ्यावर बसवून ठेवले नाही. त्यांच्या हातून शस्त्रक्रिया झाल्या, विद्यार्थी शिकले. ज्या गावाला असा माणूस लाभला, त्या गावाने फिट येणाऱ्या पोराला वाळीत टाकावे, हे शोभत नाही.

त्यानंतर एकदा त्या मुलाला पुन्हा फिट आली. घड्याळ लावलेल्याने नीट सांगितले, "दीड मिनिट." आई येईपर्यंत तो कुशीवर होता आणि डोक्याखाली टॉवेल होता. आता तो खेळात असतो. भीम कोण व्हायचे यावर रोज भांडण होते आणि याची पाळी चार दिवसांनी येते. बोळातल्या एका घराने मात्र आपल्या मुलाला अजूनही पाठवलेले नाही. या सदरातून त्या घरालाही मी विनंती करतो आहे. आमचे सांगणे पटत नसेल तर जवळच्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा, पण मुलाला पाठवा.

पालकहो, आज संध्याकाळी मूल टीव्हीपुढे बसले की पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा. भीम जिंकला की विचारा, "लाडू कोणी दिला रे?" मग विचारा, "तुमच्या वर्गात असं कोण आहे?" आणि शेवटी विचारा, "कोणाला खेळायला घेत नाही तुम्ही?" या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की टीव्ही बंद करा, चपला घाला आणि त्या मुलाच्या घरी जाऊन या.