तळणीचे तेल: मीटर हवा, मोजण्याची शिस्तही हवी

तळणीचे तेल कधी बदलायचे, हे आजही बहुतेक फरसाण कारखान्यांत रंग, फेस आणि धूर पाहून ठरते. पण मसाल्याने किंवा करपलेल्या बेसनाने चांगले तेलही काळवंडते. कायद्याची मर्यादा रंगावर नाहीच. १ जुलै २०१८ पासून, एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल तळणीला चालत नाही.

हातात धरायचा मीटर ही टक्केवारी क्षणात दाखवतो. त्याचे टोक म्हणजे छोटा कपॅसिटर. तो तेलाचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युतऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचे माप, टिपतो. ताज्या तेलाचा परावैद्युतांक ३ च्या आसपास असतो. तळताना पदार्थातला ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन तेलातील ट्रायग्लिसराइडचे विघटन करतात, ध्रुवीय संयुगे साठत जातात आणि हा अंक चढतो.

मीटर संयुगे मोजत नाही. परावैद्युतांकावरून त्यांचा अंदाज बांधतो. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या घरात असल्याने थोडे पाणीही आकडा फुगवते. म्हणून घाणा काढल्यावर बुडबुडे थांबू द्या, तेल ढवळा, टोक कढईच्या धातूपासून दूर धरा आणि आकडा स्थिरावला की नोंद करा. पामतेलात डायग्लिसराइड ही ध्रुवीय संयुगे मुळातच जास्त असतात. त्यामुळे प्रत्येक तेलाची ताजी असतानाची नोंदही हवी. आकडा मर्यादेजवळ आला की प्रयोगशाळेतील कॉलम क्रोमॅटोग्राफीचाच निकाल प्रमाण मानावा.

डब्यातले तेल किती टिकेल, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी रॅन्सिमॅट चाचणी आहे. तापवलेल्या तेलातून हवा सोडतात. बाहेर पडणारी बाष्पशील आम्ले शुद्ध पाण्यात उतरतात आणि एका टप्प्यावर पाण्याची विद्युत वाहकता झपाट्याने वाढते. तिथवरचा वेळ जितका जास्त, तितके तेल टिकाऊ. एका चाचणीचे काम दुसरीवर सोपवू नये. भेसळीचा निवाडा तर दोन्हींवर सोडू नये.

आमची भूमिका स्पष्ट आहे. प्रत्येक उत्पादकाने २५ च्या खाली स्वतःची मर्यादा ठरवावी आणि तिथे पोचताच तेल बदलावे. जुन्यात नवे तेल ओतून आकडा खाली आणणे म्हणजे खराब झालेला भाग ग्राहकाच्याच पोटात घालणे. काढलेले तेल स्वस्तात हातगाडीवाल्याला विकले, तर मोजणीला अर्थच उरत नाही. ते बायोडिझेलकडे वळवण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ योजना २०१८ पासून आहे. मीटर घेण्याआधी तेल उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार करा आणि मोजणीच्या आणि उचललेल्या तेलाच्या नोंदी एकाच वहीत ठेवा.