बदललेल्या झडपेचेही वय असते

"वॉल बदलला, आता काही काळजी नाही." वस्तीत हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. टिश्यू झडप बसवलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या घरी ते ऐकले की आम्हाला धास्ती वाटते. ती झडप आयुष्यभर पुरणारी नसते, आणि ही गोष्ट घरात कुणालाच नीट सांगितलेली नसते.

टिश्यू झडप म्हणजे गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार केलेली झडप. (गाईची की डुकराची, असे कुजबुजत विचारणारे अजून भेटतात. विटाळाचा तो विचार आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो.) ती साधारण १० ते १५ वर्षे चालते, साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसात अनेकदा त्याहूनही जास्त. तरुण शरीरात मात्र तिच्यावर कॅल्शियम लवकर साचते. पडदे कडक होतात, कधी फाटतात. त्यातही डाव्या बाजूच्या मायट्रल जागेवरची झडप जास्त लवकर खराब होते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपल्याकडे झडपा बिघडतात त्या बहुतेक लहानपणीच्या घशाच्या लागणीतून. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, एकाचा घसा दुखला की सगळ्यांचा दुखतो. पुढे ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाला इजा होते, तीही मुख्यतः मायट्रल झडपेला. म्हणजे आपला रुग्ण तरुण, आणि झडप बसते ती नेमकी लवकर खराब होणाऱ्या जागेवर. म्हाताऱ्या रुग्णांचे चांगले आकडे तिला लागू पडत नाहीत.

मग धातू-कार्बनची झडप घ्यावी का? ती टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, ही गोळी बाळाला अपाय करू शकते. म्हणून मूल हवे असलेल्या मुलीला टिश्यू झडप सुचवली जाते. त्यात चूक नाही. पण निर्णय सासू, नवरा आणि डॉक्टर घेतात, मुलगी सही करते, हे आम्हाला मान्य नाही. "माझ्या वयात ही झडप किती वर्षे चालेल? दुसरे ऑपरेशन लागले तर धोका किती?" हे तिने स्वतः विचारायचे आणि उत्तर तिला मराठीत मिळायचे. दुसऱ्या वेळी छाती उघडणे पहिल्यापेक्षा अवघड असते. पायाच्या शिरेतून जुन्या झडपेत नवी बसवता येते, पण ते महाग आहे आणि सगळ्यांना जमत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेचे ऑपरेशन होते, हा मोठा आधार आहे. पण ऑपरेशन मोफत म्हणजे पुढची वीस वर्षे मोफत नव्हेत. आयएनआरसाठी रोजंदारी बुडवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत असेल, तर बाई गोळीच सोडते. ही तपासणी वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात झाली पाहिजे. ही मागणी आपण नगरसेवकाकडे रस्ता-गटारीइतक्याच जोराने नेली पाहिजे. योजनेत फॉलो-अपचीही काही पॅकेजेस आहेत, ती आरोग्यमित्राकडे मागून घ्या.

टिश्यू झडप असलेल्या तरुण रुग्णाने वर्षातून एकदा इको करायचाच, बरे वाटत असले तरी. झडप बहुधा हळूहळू खराब होते. इकोत आधी कळले तर ऑपरेशन ठरवून करता येते. फुफ्फुसात पाणी भरून मध्यरात्री रिक्षात घालून नेले, तर धोका कितीतरी वाढतो. हंडा उचलताना धाप लागणे, दोन उशा घेतल्याशिवाय झोप न येणे, पाय सुजणे, यांना "अशक्तपणा" म्हणू नका. ताप चार-पाच दिवस राहिला तर नाक्यावरच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेण्याआधी मोठ्या रुग्णालयात रक्ताची कल्चर तपासणी करा, झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दात काढण्याआधीही झडप असल्याचे सांगा. आणि ठोके अनियमित असतील तर टिश्यू झडप असूनही रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवावी लागते. ती मनाने बंद करू नका.

झडपेचे कार्ड आधार कार्डासोबत ठेवा. त्यावर झडपेचा प्रकार, माप आणि तारीख असते, दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर तेच आधी मागतात. दर २१ दिवसांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर घ्यायचे असते. ज्या विहारात रविवारी वंदना होते, तिथे एका वहीत झडपेच्या रुग्णांची नावे, इंजेक्शनची आणि इकोची तारीख रुग्णाला विचारूनच लिहून ठेवावी. वही महिला मंडळाकडे असली तर ती नीट भरली जाते, असा आमचा अनुभव आहे.