उचलून नेणे म्हणजे सोय नव्हे

जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या मत्स्योदरी देवीला किंवा राजूरच्या गणपतीला व्हीलचेअरवरच्या माणसाने जायचे कसे, असे विचारले की उत्तर तयार असते : "त्यात काय, चार पोरं उचलून नेतात की!" म्हणणारे मनाने वाईट नसतात. पण खुर्ची मागे कलंडवून पायऱ्या चढवतात तेव्हा खुर्चीतल्या आजींचा एक हात दांडीला घट्ट धरलेला असतो आणि दुसरा पदर सावरत असतो. दर्शन किती वेळ घ्यायचे, तेही पोरांच्या दमावर. आणि पोरे नसतील त्या दिवशी देव बंद.

"अशी माणसं येतातच कुठं?" हा दुसरा आक्षेप. नवरात्रात अंबडला, अंगारकीला राजूरला घरची मंडळी निघतात तेव्हा घर राखायला कोण मागे राहते, ते एकदा पाहावे.

"जुन्या वास्तूला हात कसा लावायचा?" दगड फोडा असे कोणीच म्हणत नाही, लाकडी उतार ठेवताही येतो, काढताही येतो. जुनेपणाचा हा कळवळा चकचकीत फरशी बसवताना मात्र कुठे जातो कोण जाणे!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक आणि करमणुकीच्या जागाही धरल्या आहेत. नियम 2017 चे, जुन्या इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला मुदत पाच वर्षांची. ती कधीच उलटली.

अंबड-राजूरसारख्या टेकडीला रॅम्प मलाही पटत नाही. 1:12 च्या हिशेबाने दहा मीटर चढाला 120 मीटर उतार लागतो, विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. तिथे सप्तशृंगगडासारखी ट्रॉली हवी. गडावरची ती ट्रॉली 2018 पासून चालू आहे. खर्च मोठा आहे, कबूल.

पण समर्थ रामदासांच्या जांब समर्थला कुठला गड चढायचा आहे? जालन्याची मोतीबाग तर तलावाकाठची. अशा ठिकाणी फूटभर जोत्याला बारा फूट उतार आणि कठडा पुरतो. मोटारसायकल चढवण्यापुरता ओतलेला सिमेंटचा घसरता उतार म्हणजे रॅम्प नव्हे. खुर्ची साधारण 65 सेंटीमीटर रुंद असते. शौचालयाला दोन फुटी दार लावले तर ती बाहेरच राहते. दार 90 सेंटीमीटरचे हवे.

देवस्थानांनी आणि जालना महानगरपालिकेने अशा कामाची पाहणी व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी, आणि मगच ठेकेदाराचे बिल काढावे.