समेट, पण कुणाच्या अटींवर?



'समेट' हा शब्द कानावर पडला की आपण सावध होतो आणि त्याला कारण आहे. मारहाण असह्य होऊन माहेरी आलेल्या बाईला पोलीस ठाण्यात, जातपंचायतीत, नातेवाइकांच्या बैठकीत 'घ्या मिटवून' एवढंच ऐकवलं जातं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेही आधी तडजोडीचा प्रयत्न करावा असं सांगितलं. मिटवून घ्यायचं म्हणजे बाईने मागे सरायचं, हा अर्थ आपण नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत पाहिला आहे. त्यामुळे ग्राहकांच्या तक्रारींतही आता मध्यस्थीची सोय झाली आहे, असं मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे इथेही मिटवून घ्या?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईने बचत गटाचं कर्ज काढून पिको-फॉलचं मशीन घेतलं. दोन महिन्यांत मोटार बंद पडली. दुकानदार म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." बिल नवऱ्याच्या नावाने होतं. शिवाय 'धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही' असंही तिला सुनावलं गेलं. इकडे काम थांबलं, हप्ता थांबला नाही. आम्ही दुकानाला लेखी पत्र दिलं, दोनदा सोबत गेलो. शेवटी मोटार बदलून मिळाली. बुडालेल्या मजुरीबद्दल मात्र दुकानदाराने अवाक्षर काढलं नाही. तिनेही मान्य केलं, कारण तिला मशीन लगेच हवं होतं.

हा समेट झाला, पण दुकानदाराच्या अटींवर. तिच्या बाजूने कायदा काय होता ते पाहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तू विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे. म्हणजे बिल नवऱ्याच्या नावाने असलं तरी तक्रार तिची होऊ शकते. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली धरली जात नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. दुकानात बोलणी करतानाच हे सगळं तिच्या तोंडावर असतं, तर मजुरीचा विषय असा उडवून लावता आला नसता.

कोर्टाबाहेरच्या या वाटेवर युरोप आपल्या आधी बराच चालला आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये एक निर्देश काढून सदस्य देशांना सांगितलं की ग्राहकाला कोर्टाबाहेर तक्रार सोडवण्याची सोय हवी, ती मोफत किंवा नाममात्र फीत हवी आणि सर्व कागद हाती आल्यावर नव्वद दिवसांत निकाल लागावा. तक्रार निर्माण होण्याआधीच ग्राहकाकडून 'मी कोर्टात जाणार नाही' असं लिहून घेतलं असेल, तर ते त्याच्यावर बंधनकारक नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. जिथे अनेकांचं मंडळ निवाडा करतं तिथे ग्राहकांचे आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी समसमान हवेत.

एवढं करूनही एक गोष्ट फसली. इंटरनेटवरून खरेदी करणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सगळ्या युरोपचं मिळून एक तक्रार-संकेतस्थळ सुरू झालं. लोकांनी ते पाहिलं, तक्रारीही टाकल्या. पण समोरच्या व्यापाऱ्याने सहभागी व्हायलाच हवं अशी सक्ती नव्हती आणि बहुतेक व्यापारी उत्तर देत नसत. वर्षाकाठी सुमारे दोनशेच प्रकरणं प्रत्यक्ष निवारण करणाऱ्या संस्थांपर्यंत पोचत. २० जुलै २०२५ रोजी ते बंद करण्यात आलं. मागे कुणाचं बळ नसेल तर समोरचा चर्चेला येतच नाही, एवढं यातून आपण घ्यावं.

आपल्याकडे २० जुलै २०२० पासून ग्राहक आयोगाच्या कामात मध्यस्थी आली. दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल तरच आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. समेट झाला तर आयोग सात दिवसांत त्याचा आदेश काढतो. तो मोडणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. समेट झाला नाही, तर तक्रार पुन्हा आयोगापुढे चालते, बाईचं काही जात नाही. घरातल्या 'मिटवून घ्या'पेक्षा हे वेगळं आहे ते इथे. नाही म्हणायची मोकळीक आहे आणि नाही म्हटल्यावर जायला जागाही आहे.

काही प्रकरणं मध्यस्थीकडे जाऊच नयेत असं नियमच सांगतात. वैद्यकीय हलगर्जीपणातून मृत्यू किंवा गंभीर इजा, फसवणुकीचे गंभीर आरोप, खोटे कागद, जबरदस्ती, आणि तक्रारीत नसलेल्या अनेकांच्या हिताचे प्रश्न यात येतात. ही यादी कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी.

इतर वाटांचेही स्वभाव वेगवेगळे आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ती कंपनीपर्यंत पोचवली जाते, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. घराच्या ताब्यावरून बिल्डरशी भांडण असेल तर महारेराचा सलोखा मंच २०१८ पासून आहे. त्यात ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसतात. वीज, पाणी, विमा, दवाखाना यांसारख्या सेवांसाठी स्थायी लोकअदालत आहे, पण तिथे समेट फिसकटला तर ती स्वतः निवाडा देऊ शकते आणि त्यावर अपील नाही. नेहमीच्या लोकअदालतीत असं होत नाही. हा फरक समजल्याशिवाय कुणालाही तिथे अर्ज करायला सांगू नका. आणि करारातल्या बारीक अक्षरांत 'वाद लवादाकडेच जाईल' असं छापलं असेल तरी घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ प्रकरणात १० डिसेंबर २०१८ रोजी ठरवलं आहे की अशा कलमाने ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क जात नाही.

मग आपण काय करायचं? मध्यस्थीला जाण्याआधी बाईसोबत बसून हिशेब मांडू या. वस्तूची किंमत, दुरुस्तीचा खर्च, भरलेले हप्ते, आणि बुडालेली मजुरी. मजुरी बायका स्वतःहून मोजत नाहीत, ती आपण मोजायला लावायची. कमीत कमी किती घेतल्याशिवाय उठायचं नाही, ते तिनेच आधी ठरवायचं. तिथे बोलेल ती, सही करेल ती. नवरा, भाऊ किंवा आपणही नाही. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही नाही, आणि 'आजच मिटवा' म्हटलं तर पुढची तारीख मागायची.

मध्यस्थ कोण, हेही आपण विचारलं पाहिजे. आयोगावरच्या नेमणुकांच्या नियमांना नागपुरातूनच आव्हान दिलं गेलं होतं. नागपूर खंडपीठाने १४ सप्टेंबर २०२१ रोजी त्यातले काही नियम रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२३ रोजी तो निकाल कायम ठेवला आणि नेमणुकीसाठी लेखी परीक्षा घ्यायला सांगितली. खुर्चीत बसणाऱ्याच्या पात्रतेचा आग्रह इथूनच धरला गेला, तर मध्यस्थांच्या यादीत वस्तीतलं जगणं माहीत असलेल्या स्त्रिया किती, हा प्रश्नही इथूनच विचारता येईल.

१९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या बायकांनी ग्राहक म्हणूनच सरकारला जाब विचारला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यांच्या पुढे होत्या. ग्राहक-प्रश्न हा स्त्री-प्रश्न आहे की नाही, हे तेव्हाच ठरलं. आपल्या गटात असं एखादं प्रकरण असेल तर काय मागितलं, काय मिळालं आणि काय सोडावं लागलं ते आम्हाला लिहून कळवा. सोडाव्या लागलेल्या गोष्टींची यादी पुढच्या अंकात एकत्र छापू आणि ती घेऊन जिल्हा आयोगाला भेटू.