‘अनजस्टली’ म्हणजे ‘बेकायदा’ नव्हे

इंग्रजीतील ‘अनजस्टली’ या क्रियाविशेषणाचे मराठी निवेदनांत आणि ठरावांत सर्रास ‘बेकायदेशीरपणे’ असे भाषांतर केले जाते. ही कोशातील चूक नव्हे, ही राजकीय शरणागती आहे. कामगाराला काढले, वस्ती उठवली, की आपलेच कार्यकर्ते प्रथम कलम शोधतात. आणि कलम मालकाच्या बाजूचे निघाले की निमूटपणे परत फिरतात! वास्तविक मराठीत ‘अन्यायाने’ हा नेमका शब्द आहे. त्यातील तृतीयेचा प्रत्यय साधन दाखवतो. कुऱ्हाडीने झाड तोडावे, तसे अन्यायाने माणसाला उखडले. ती कुऱ्हाड पुष्कळदा कायद्याचीच असते.

पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या शतकाआधीच्या शतकात सावकारांकडे गेल्या, त्या दरोड्याने नव्हे. दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. रोखा रीतसर, निशाणी खरी, प्रतिवादी गैरहजर, निकाल एकतर्फी. यात बेकायदा काय होते? १८६० च्या दंड संहितेनुसार गैरलाभ म्हणजे बेकायदा साधनांनी मिळवलेला लाभ; २०२४ मध्ये अंमलात आलेल्या न्याय संहितेनेही हीच व्याख्या कायम ठेवली आहे. या मोजपट्टीने सावकार निर्दोषच ठरतो.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी मात्र ही मोजपट्टी मानली नाही. १२ मे १८७५ रोजी त्यांनी सावकारांकडे मागितल्या त्या हिशेबाच्या वह्या आणि रोखे, आणि मिळतील ते जाळले. अन्यायाचे हत्यार कोणते, हे त्यांना कोणत्याही बॅरिस्टरापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. सरकारला ते दिसायला चौकशी आयोग लागला आणि चार वर्षे लागली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने अखेर न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्यास सांगितले. तोवर जे ‘कायदेशीर’ होते, त्याचीच आता झडती सुरू झाली.

न्यायालयात ‘बेकायदा’ हाच शब्द चालतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि वकिलाने आपल्या अर्जात तो अवश्य लिहावा. पण पक्षाचा ठराव म्हणजे वकिलाचा अर्ज नव्हे.